मुख्याध्यापकांचे दालन, शिक्षकांचे मन

शिक्षकांच्या मनोबलाचा विषय निघाला की बोलणे पगार, रखडलेली भरती आणि अशैक्षणिक कामे यांच्याकडे वळते, आणि त्यात वावगे काही नाही. माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे, म्हणजे पहिली तीन वर्षे ठरावीक रकमेवर काम करणाऱ्या नव्या शिक्षकाचे, मानधन जानेवारी २०२३ पासून महिना १८,००० रुपये झाले. त्याआधी ते ८,००० होते. एवढ्या रकमेत ठाण्यात भाड्याने राहून तीन वर्षे काढणाऱ्या तरुण शिक्षकाचे मन खचले, तर त्याचा दोष कोणत्याही मुख्याध्यापकांना देता येणार नाही. तरीही ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आणि पुढे खाडीपलीकडे नवी मुंबईतल्या दुसऱ्या शाळेत नोकरी करताना एक गोष्ट मला सतत जाणवत आली. शासन तेच, अभ्यासक्रम तोच, शालार्थ प्रणालीतून निघणारा पगारही तोच. पण एका शाळेतले शिक्षक मधल्या सुट्टीत आठवीच्या नव्या पाठावर वाद घालताना दिसतात आणि दुसऱ्या शाळेतले आपल्या निवृत्तीला किती वर्षे उरली याचा हिशेब मांडत बसलेले असतात. एवढेच नव्हे, तर त्याच शाळेतले तेच शिक्षक मुख्याध्यापक बदलल्यावर दोन वर्षांत एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत गेलेलेही मी पाहिले आहेत. म्हणून या विषयात मी दालनापासून सुरुवात करते.

दालनातला माणूस शिक्षकांना कसा वागवतो हे ५ सप्टेंबरच्या गुलाबपुष्पावरून कळत नाही, ते बदली तासिकांच्या वहीवरून कळते. ज्यांनी शाळेत नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, की रोज सकाळी जे शिक्षक रजेवर असतील त्यांच्या तासिका हजर असलेल्यांना वाटून दिल्या जातात, पर्यवेक्षक तशी नोंद वहीत करतात आणि शिपाई ती वही घेऊन सह्यांसाठी फिरतो. शिक्षक त्या वहीत आपले नाव तर पाहतोच, पण त्याहून अधिक बारकाईने तो कोणाचे नाव नाही हे पाहतो. दालनात चहाला बसणाऱ्या दोघातिघांना शेवटची तासिका कधी येत नाही, नवा शिक्षणसेवक मात्र दिवसभर उभा असतो, हे कोणी बोलून दाखवत नाही. पण ते सर्वांना पाठ असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही वही फार जड होते, कारण काही जण दहावीच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणाला असतात आणि काहींना उत्तरपत्रिकांच्या तपासणीवर लक्ष ठेवणाऱ्या नियामकांच्या सभेसाठी वाशीच्या विभागीय मंडळात जावे लागते. अशाच एका मार्चमध्ये आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी वहीत स्वतःचे नाव घालायला सांगितले. आठवी ‘ब’ची शेवटची तासिका, म्हणजे दुपारच्या उकाड्यात कोणालाही नको असलेली, त्यांनी घेतली आणि तिच्यात मुलांकडून भूमितीच्या रचना करून घेतल्या. त्यांनी यावर भाषण केले नाही, की आम्हीही टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्यानंतर वहीवर सही करताना ‘परत मीच का’ हा प्रश्न विचारणे सर्वांनाच जड जाऊ लागले.

आणखी एक फरक पडला, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जिथे किरकोळ रजेच्या अर्जावर उलटतपासणी होते, तिथे शिक्षक नेहमी आजारीच पडतात. मुलाच्या शाळेतली पालकसभा, सासूबाईंची डोळ्यांची शस्त्रक्रिया, गावाकडच्या जमिनीची मोजणी, या सगळ्यांना ताप आणि अंगदुखी असे एकच कारण मिळते आणि तेही पहाटे साडेसहाला दूरध्वनीवरून. या सरांच्या काळात लोक दोन दिवस आधी खरे कारण लिहून देऊ लागले आणि जाण्यापूर्वी वर्गाला द्यायचे काम सहकाऱ्याकडे सोपवू लागले. रजांची संख्या घटली की नाही याचा हिशेब कोणी ठेवला नाही. वर्ग मात्र पूर्वीइतके वाऱ्यावर राहिनासे झाले.

मोकळ्या तासिकेकडे मुख्याध्यापक कोणत्या नजरेने पाहतात, हाही याच विषयाचा भाग आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्या तासांत पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे. म्हणजे शिक्षक कक्षात बसून वह्या तपासणारा किंवा उद्याचे टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, काढणारा माणूस कायद्यानेच कामावर असतो. पण कित्येक मुख्याध्यापकांना बसलेला शिक्षक दिसला की हातात एखादा तक्ता दिल्यावाचून चैन पडत नाही. नेमका हाच वेळ मग आधार जुळवणी, यू-डायस या सरकारी नोंदणीत शाळेची माहिती भरणे आणि कोणत्या तरी स्पर्धेची छायाचित्रे वर चढवणे यांत जातो, आणि टाचण घरी रात्री अकराला काढले जाते किंवा मागच्या वर्षीचे उतरवले जाते.

वरून येणारे काम मुख्याध्यापकांना थांबवता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामे शिक्षकांना लावण्याची मुभा ठेवली आहे, आणि ठाण्यासारख्या दाट वस्तीच्या शहरात मतदार याद्यांचे काम म्हणजे उन्हातान्हात जिने चढणे असते. पण ‘शाळेतून चार नावे पाठवा’ असे पत्र आल्यावर कोणती चार नावे जातात, हे दालनातच ठरते. ‘नाही’ म्हणता न येणारे, कोणाच्या जवळ नसलेले आणि नवे, अशी ती चार नावे बहुधा असतात. ज्या शाळेत ही नावे आळीपाळीने आणि सर्वांसमोर ठरतात तिथे तेच काम लोक कुरकुरत का होईना, पण कडवटपणा न ठेवता करतात. व्हॉट्सॲपच्या गटाचेही तसेच. एका मुख्याध्यापिका बाई वरिष्ठ कार्यालयातून आलेला प्रत्येक संदेश रात्री पावणेअकराला जसाच्या तसा ‘अत्यंत तातडीचे’ अशी जोड देऊन पुढे ढकलत. त्यांच्यानंतर आलेल्या बाई चाळणीसारख्या होत्या. आलेले सगळे त्या आधी स्वतः वाचत, अर्धे लिपिकाकडून उरकून घेत, काही गोष्टींसाठी कार्यालयात दूरध्वनी करून मुदत मागत आणि उरलेले शनिवारी एका कागदावर लिहून फलकावर लावत. माहिती मागणारे कार्यालय तेच होते आणि माहितीही तेवढीच जात होती. आम्ही मात्र रात्री जेवताना फोन पालथा ठेवायला लागलो.

आता लॉगबुक. मुख्याध्यापक वर्गात येऊन मागच्या बाकावर बसतात आणि पाठाबद्दल अभिप्राय लिहितात, अशी ती वही. माझ्याकडे तिची जुनी पाने आहेत. ‘फलकलेखन सुधारावे’, ‘विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा’, ‘शैक्षणिक साधनांचा वापर करावा’ ही तीन वाक्ये इतिहासाच्या, गणिताच्या आणि चित्रकलेच्याही शिक्षकांना वर्षानुवर्षे मिळत आली आहेत. असा अभिप्राय वाचून कोणी दुखावत नाही, पण आपल्या कामाकडे कोणी पाहिलेच नाही, ही जाणीव मनात घर करते. नवी मुंबईतल्या शाळेत मला भेटलेल्या मुख्याध्यापिका बाई येण्यापूर्वी विचारत, ‘आज मी नेमके काय पाहू?’ मी नकाशावर शिकवते, पण मुले मागे पडतात, असे मी सांगितले. त्यांनी लॉगबुकात एवढेच लिहिले, की मागच्या दोन रांगांना नद्यांची नावे वाचता येत नव्हती आणि त्या रांगांतल्या मुलांनी नकाशाऐवजी शेजाऱ्याच्या वहीकडे पाहून उत्तरे दिली. वीस वर्षांत माझ्या शिकवण्याबद्दल मिळालेला तो पहिला उपयोगी शेरा होता. पुढच्या खरेदीत मोठा नकाशा आला, आणि त्याहून विशेष म्हणजे बाई पुन्हा वर्गात येऊन मागच्या रांगेत बसल्या.

व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. मुख्याध्यापकांच्या निरनिराळ्या वागण्यांपैकी मुलांच्या प्रगतीशी सर्वांत घट्ट नाते त्यांना एका गोष्टीचे आढळले, ती म्हणजे शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्या शिकण्यात स्वतः सामील होणे. अमेरिकेतल्या शार्लट परिसरातल्या शाळांच्या आधारे क्राफ्ट आणि पपे यांनी २०१४ मध्ये दाखवले, की शिक्षकांना आधार देणाऱ्या वातावरणातले शिक्षक दहा वर्षांत, तसे वातावरण नसलेल्या शाळांतल्या शिक्षकांपेक्षा ३८ टक्के अधिक सुधारतात. परदेशातले आकडे आपल्या शाळांवर जसेच्या तसे चिकटवू नयेत, हे मला पटते. पण ‘शिक्षक पाच-सात वर्षांनी थांबतो, मग त्याच्यात काही बदल होत नाही’ असे आपल्याकडे जे सरसकट म्हटले जाते, त्यात थांबणाऱ्याच्या आजूबाजूला काय होते हे विचारलेच जात नाही.

लांब कशाला जायचे? कोसबाड आज पालघर जिल्ह्यात असले तरी २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. बालशिक्षणात नाव मिळवलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली अनुताई वाघ रुजू झाल्या. १९५७ मध्ये त्यांचे बालशिक्षणाचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई मोठ्या होत्याच, पण १९७३ मध्ये त्या गेल्यावर काम थांबले नाही, कारण ते पेलणारी व्यक्ती त्यांच्या शेजारी उभी राहून तयार झाली होती. आपल्याकडे निरोप समारंभात ‘सरांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली’ असे कौतुकाने म्हणतात. मला ते वाक्य त्या सरांविषयीची तक्रार वाटते.

पण शिक्षकाचे मन सर्वांत लवकर उभे राहते किंवा मोडते ते पालक तक्रार घेऊन येतात तेव्हा. आमच्या ठाण्याच्या शाळेत वागळे इस्टेट आणि किसननगरातली मुले येत, नवी मुंबईच्या शाळेत घणसोली-कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींतली. या पालकांचा अर्धा दिवसाचा खाडा करूनच शाळेत येणे होते, त्यामुळे ते तावातावाने येतात आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. प्रश्न पुढे काय होते याचा आहे. एका मुख्याध्यापकांची पद्धत अशी, की पालकांना खुर्ची द्यायची, शिपायाला पाठवून शिक्षकाला चालू तासिकेतून बोलावून घ्यायचे आणि दोघांसमोर उभे करून विचारायचे, ‘काय हो, हे खरे आहे का?’ शिक्षकाचे उत्तर काहीही असो, वर्गात परतल्यावर चाळीस मुले त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतात. अशा दोन प्रसंगांनंतर माणूस मुलांना रागावणे सोडतो, नंतर त्यांना काही विचारणे सोडतो आणि शेवटी पाठ वाचून दाखवून बाहेर पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो कामचुकार दिसतो. तो तसा कसा झाला, हे त्या दालनात बसलेल्यांनाही ठाऊक नसते.

दुसऱ्या एका बाई पालकांचे सगळे ऐकून घेत, मध्येच तोडत नसत, वहीत लिहून घेत आणि म्हणत, ‘मी बाईंशी बोलते आणि उद्या चारनंतर तुम्हाला कळवते.’ शाळा सुटल्यावर त्या शिक्षिकेशी एकट्या बोलत, आणि ते बोलणे नेहमी गोड असे असेही नाही. चूक असेल तर त्या सौम्य शब्दांत पण टोकदार विचारत, आणि दुसऱ्या दिवशी पालकांना दूरध्वनी न चुकता जाई. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे, कारण पालकांना उत्तर न देता शिक्षकाला पाठीशी घालणे वेगळे आणि हे वेगळे.

पाठीशी घालण्याबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण मनोबल सांभाळणे म्हणजे आपल्या माणसाची बाजू घेणे, असा समज शिक्षक कक्षात पक्का असतो. आमच्या एका सहकाऱ्याने सातवीतल्या मुलाच्या थोबाडीत मारली. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी करते, हे आम्हा सर्वांना माहीत होते. तरीही ‘मुलगा फारच उद्धट आहे’ हे वाक्य दिवसभर फिरत राहिले. बाईंनी त्या मुलाच्या आईला बोलावून स्वतः माफी मागितली, शिक्षकाला लेखी ताकीद दिली आणि ती देताना त्याच्यासमोर बसून तो एवढा का चिडला हेही विचारले. त्याच्या वर्गात अडुसष्ट मुले बसत होती, हे त्या संभाषणात पुढे आले. दोन आठवडे आम्ही बाईंवर रुसलो होतो. मी स्वतः त्यांच्याशी कामापुरतेच बोलत होते. पुढच्या जूनमध्ये त्या वर्गाची तुकडी विभागण्यासाठी त्यांनी संस्थेशी भांडण काढले तेव्हा कळले, की ताकीद आणि भांडण यांच्या मुळाशी एकच विचार होता. खोट्या गोष्टीत त्या आपल्या बाजूने उभ्या राहणार नाहीत हे पक्के झाल्यावरच, खऱ्या गोष्टीत त्या उभ्या राहतील यावर आमचा विश्वास बसला. शिकागोच्या शाळांचा दीर्घ अभ्यास करून ब्रायक आणि श्नायडर यांनी २००२ मध्ये शाळेतल्या परस्परविश्वासाचे चार घटक सांगितले होते: आदर, कामातली क्षमता, माणसाविषयीची आस्था आणि सचोटी. त्या यादीतला चौथा घटक आम्ही असा शिकलो.

मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये आता याहून मोठी भीती आहे, ती पटसंख्येची. एप्रिल-मेमध्ये शिक्षक वस्त्यांमध्ये घरोघर फिरून प्रवेश मिळवतात, आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, निकष बदलल्यापासून तर प्रत्येक नाव मोजून पाहिले जाते. पट घसरला की कोणीतरी अतिरिक्त ठरणार, म्हणजे त्याचे इथले पद जाऊन त्याला दुसऱ्या शाळेत जावे लागणार. एका वर्षी आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याला आपण अतिरिक्त ठरल्याचे सभेत, सर्वांसमोर, यादी वाचली जात असताना कळले. ती यादी मुख्याध्यापकांकडे आठवडाभर पडून होती. यादीत नाव येणे त्यांच्या हातात नव्हते, ते त्याला कसे कळावे हे होते. त्या सभेनंतर जे शिक्षक शाळेत राहिले त्यांनीही त्या वर्षी प्रवेशासाठी फिरताना हात आखडता घेतला. पुढे दुसऱ्या एकीवर तीच वेळ आली, तेव्हाच्या बाई तिला घेऊन जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागात स्वतः गेल्या, सेवाज्येष्ठतेची यादी तपासून घेतली आणि समायोजनात घराजवळची शाळा मिळावी म्हणून खटपट केली. शाळा घराजवळची मिळाली नाही. ती अजून कळव्याहून दोन रिक्षा बदलून जाते. पण आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती न बोलावता येते.

एवढे लिहिल्यावर दालनातल्या माणसाविषयीही लिहिले पाहिजे. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे, आणि मुख्याध्यापकपद तिच्यानुसार मुख्यतः सेवाज्येष्ठतेने जाते. ही तरतूद मला नकोशी वाटत नाही. ती नसती तर हे पद संस्थाचालकांच्या भाच्याकडे किंवा सुनेकडे जायला किती वेळ लागला असता, याची कल्पना कोणीही करू शकतो. पण तिची किंमतही आहे. निवृत्तीचे वय ५८. रांगेत उभा असलेला माणूस दालनात पोहोचतो तेव्हा त्याच्याकडे कधी तीन वर्षे उरलेली असतात, कधी एक. तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला सोमवारी अचानक वेतन देयके, वेतनेतर अनुदानाचे हिशेब, न्यायालयीन प्रकरणे आणि चाळीस माणसांचे स्वभाव सांभाळावे लागतात. त्यातल्या देयकांचे प्रशिक्षण मिळते, स्वभावांचे कोणी देत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांनाही वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सुचवले आहे, आणि ते प्रत्यक्षात येईल तेव्हा त्यातले चार तास तरी तक्रार घेऊन आलेल्या पालकांसमोर काय बोलावे यासाठी राखून ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. रात्री पावणेअकराला संदेश ढकलणाऱ्या बाईंवर मी वर टीका केली खरी, पण त्यांच्या शाळेत लिपिकाचे पद रिकामे होते आणि त्या स्वतः रात्री माहिती भरत बसत, हेही नोंदवणे न्याय्य होईल. घाबरलेला मुख्याध्यापक आपली भीती खाली वाटतो, आणि त्याला घाबरवणारे बहुधा शाळेच्या बाहेर असतात.

सध्या आमच्या शिक्षक कक्षातली भीती ‘टीईटी’ची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक केले. वीस-बावीस वर्षे शिकवलेली माणसे ते वाचून गप्प झाली. दोघींना रात्री झोप लागेना. ओळखीच्या एका शाळेत निकालाची प्रत सूचना वहीत चिकटवून सह्या घेतल्या गेल्या आणि विषय तिथेच संपला. आमच्या आताच्या मुख्याध्यापिका बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले आहे, म्हणजे त्यांना ही परीक्षा द्यायची नाही. त्यांनी शनिवारी सकाळचे अधिवेशन सुटल्यावर ग्रंथालय दोन तास उघडे ठेवायला सुरुवात केली, पाठ्यपुस्तकांचे संच काढून दिले आणि गणिताच्या सरांना इतरांची तयारी करून घ्यायला सांगितले. त्या स्वतःही बसतात. अपूर्णांकांची उदाहरणे त्यांना येत नाहीत, हे आम्हा सर्वांना आता कळले आहे आणि त्यांना त्याचे काही वाटत नाही. बालमानसशास्त्राचा भाग मात्र त्या इतका चांगला समजावतात, की शेजारच्या शाळेतले तिघे विचारून येऊ लागले आहेत. पुढे पद ज्यांच्याकडे जाणार ते आमचे पर्यवेक्षक सर या गटात आहेत. पालक भेटायला येतात त्या वेळी यंदा आपल्याला दालनात बसू द्यावे, असे त्यांनी बाईंना परवा सांगितले, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर दर बुधवारी ते बसणार आहेत.